दुसऱ्या घरची इद्दत

अब्बा गेले त्या सकाळी अम्मीनं सगळ्यात आधी दाराचा पडदा बदलला. निळ्या फुलांचा पातळ पडदा काढून तिथं जुनी जाड चादर लावली. मग हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून स्टीलच्या डब्यात ठेवल्या आणि मला म्हणाली, "मी बसले."

"कुठे?" मी विचारलं. बातमी येऊन अर्धा तासही झाला नव्हता, माझं डोकं चालत नव्हतं.

"इद्दतीला."

नवरा वारला की बायकोनं चार महिने दहा दिवस घरात राहायचं, ती इद्दत. बाहेर पडायचं नाही, दागिना नाही, अत्तर-सुरमा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. आमच्या गल्लीत मी हे पाहिलेलं होतं. कुणी बसली की शेजारणी तिला भाजी आणून देतात, दुपारी जाऊन बसतात, तिच्याशी जरा हळू बोलतात. त्यात विशेष असं काही नव्हतं. विशेष एवढंच होतं की अम्मीला त्यांची बायको म्हणायला कुणी तयार नव्हतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत अब्बांचे माग होते, टॉवेलचे आणि थोडे चादरींचे. त्यांचं मोठं घर, म्हणजे पहिली बायको, दोन मुलगे आणि सुना, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही दोघी या एका खोलीत. खोली अब्बांच्याच मालकीची. आठवड्यातून दोन-तीनदा ते संध्याकाळी यायचे, जेवायचे, माझ्या अभ्यासाकडे बघायचे, आणि कधी राहायचे, कधी जायचे. ईदला ते मोठ्या घरी असायचे. आमची ईद दुसऱ्या दिवशी.

अम्मी मैंदर्गीची. पहिल्या नवऱ्यानं तलाक दिल्यावर ती सोलापूरला मावशीकडे आली आणि टॉवेलच्या कडा शिवायला लागली. गठ्ठे अब्बांच्या कारखान्यातून यायचे. पुढचं तिनं कधी सविस्तर सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. निकाह याच खोलीत झाला, एवढं मला माहीत होतं. एक मौलाना, दोन साक्षीदार आणि मेहेर म्हणून, म्हणजे नवऱ्यानं निकाहात बायकोला द्यायचं ते, एक शिलाई मशीन. साक्षीदारांतले एक माझे चाचा, अब्बांचे धाकटे भाऊ. दुसरे कारखान्यात माग दुरुस्त करणारे जॉबर. ते मी लहान असतानाच वारले, आणि मौलानाही आता नाहीत. नोंद कुठे केली नाही, मिठाई वाटली नाही, फोटो काढला नाही. मोठ्या घराला कळू नये म्हणून अब्बांनीच तसं ठरवलं होतं. मोठ्या घराला ते लगेचच कळलं. कळलं नाही ते बाकी सगळ्यांना.

गल्लीत तिला तोंडावर 'भाभी' म्हणायचे आणि मागे 'ठेवलेली'. हा शब्द मी पहिल्यांदा नळावर ऐकला, शाळेचा युनिफॉर्म घालून, हातात घागर असताना. माझी शाळा इंग्रजी होती. तिथं या शब्दासाठी जागा नव्हती आणि मला ते बरं वाटायचं. वडील काय करतात? बिझनेस. घरी कोण कोण असतं? आई, वडील, मी. उत्तरं खोटी नव्हती. त्यापुढे कुणी विचारायला लागलं की मी दप्तर आवरायला घ्यायची. ती सवय अजून आहे, फक्त दप्तर राहिलं नाही.

अब्बा गेले त्या दिवशी मोठ्या घरी मी एकटी गेले. अम्मीला म्हटलं, तूही चल, चेहरा तरी बघ. ती म्हणाली, "गेले तर दारात अडवतील. बसले तर कोण उठवणार?"

मोठ्या घरच्या हॉलमध्ये बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणी कुराण पढत होत्या, कुणी नुसत्या बसून होत्या. मधोमध अब्बा. मोठ्या अम्मी, म्हणजे अब्बांची पहिली बायको, त्यांच्या उशाशी होत्या. मी त्यांना आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा लांबून. मी दारातच थांबले तशी एका बाईनं विचारलं, "ही कुणाची?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा मोठ्या अम्मी मान वर न करता म्हणाल्या, "बघू द्या तिला तोंड. बाप हाय तिचा."

बायकांनी गुडघे आवरून वाट करून दिली. मी चेहरा पाहिला आणि परत आले.

घरी आल्यावर अम्मीनं एकच विचारलं. "ती काय म्हणाली?"

मी सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

अम्मीनं मान हलवली. मुलीला बाप मिळाला होता. अम्मीच्या नवऱ्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

पुढचे आठवडे उन्हाळ्याचे होते. पत्रा तापायचा, जाड पडद्यामुळे वारा यायचा नाही, आणि अम्मी पांढरी ओढणी घेऊन पंख्याखाली मशीनवर बसलेली असायची. गठ्ठे आता मी आणून द्यायची. आम्हाला भेटायला कुणी आलं नाही. फक्त शेजारच्या अक्का यायच्या. त्यांचं घर तेलुगू, विणकरांचं. नवरा आणि मुलगा दोघंही मागावर. त्या दाराबाहेरूनच भाजीची पिशवी आत सरकवायच्या आणि मग पडद्यातून डोकं आत घालायच्या.

"अय्यो, काय गं ही तुझी आई. कैदी झाली की पार."

"कैदीला जेवण सरकारचं असतं, अक्का," अम्मी म्हणायची. "मला वांगी तुमची."

एक दिवस अक्कांनी मला पायरीपाशी गाठलं. "राग नको मानू. पण लग्नाचा फोटोबिटो काहीच नाही?"

"नाही."

"एक पण?"

"काढलेच नाहीत."

"मग आता लोकांना काय दाखवणार?" त्यांनी विचारलं. त्या कुचक्या नव्हत्या. त्यांना खरंच काळजी होती, कारण नळावर काय बोललं जातं ते त्या ऐकत होत्या आणि मीही. निकाहाला कुणाला बोलावलं नाही, इद्दतीला मात्र गल्लीभर पडदा. हे वाक्य ज्या बाईनं टाकलं तिनं मला बघितलं, आणि घागर माझ्या आधी भरून घेतली.

माझं काम घरबसल्या चालतं. परदेशातल्या कॉलेजांची व्याख्यानं असतात, त्यांच्याखाली दिसणाऱ्या ओळी कॉम्प्युटर लिहितो आणि त्यातल्या चुका मी दुरुस्त करते. कोणतं व्याख्यान येईल ते माझ्या हातात नसतं, कामं ओळीनं येतात. त्या उन्हाळ्यात जी मालिका आली ती होती इस्लामी आणि ज्यू परंपरेतल्या रखेली आणि गाजावाजा न करता झालेली लग्नं यांवर. शिकवणाऱ्या बाई वयस्कर होत्या. दर दहा वाक्यांनी पाणी प्यायच्या आणि कुणाचीच बाजू घ्यायच्या नाहीत. विषय वाचल्यावर मी ते काम परत करणार होते. मग केलं नाही.

त्यांनी सांगितलं, ज्यू ग्रंथांत बायको वेगळी आणि पिलेगेश वेगळी. पिलेगेश एकाच पुरुषाची असते, त्याच्या घरात राहते, पण तिच्यासाठी केतुबा लिहिलेला नसतो. केतुबा म्हणजे नवऱ्यानं लग्नात लिहून दिलेली हमी, की हिला सोडलं किंवा मी मेलो तर हिला अमुक मिळेल. ती कशासाठी, तर बायकोला घालवून देणं नवऱ्याला सोपं वाटू नये म्हणून. पिलेगेशचा लग्नाचा विधी तरी होतो की तोही नाही, यावर त्यांच्या जुन्या पंडितांचं एकमत नाही. कुणी म्हणालं हे फक्त राजांना चालतं, कुणी म्हणालं कुणालाच चालू नये.

इस्लामी परंपरेत रखेल म्हणजे गुलाम बाई. तिला मालकापासून मूल झालं की तिला विकता येत नसे, मालक मेला की ती मोकळी व्हायची, आणि तिचं मूल बाकी मुलांच्या बरोबरीचं. स्वतंत्र बाईला मात्र असा मधला दर्जा नाही. एक तर निकाह, नाही तर काहीच नाही. मग बाई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, थांबण्याच्या काळातही हा फरक दिसतो. मालक मेल्यावर गुलाम बाईला थांबावं लागे, पण थोडं. एका पाळीपुरतं असं पुष्कळ जण म्हणत, काही तीन पाळ्या म्हणत. चार महिने दहा दिवस स्वतंत्र बायकोचे.

मी हेडफोन काढून मागे पाहिलं. अम्मी लसूण सोलत होती.

त्याच भागात पुढे लपवून केलेल्या निकाहांबद्दल होतं. आपल्याकडच्या हनफी मताप्रमाणे दोन साक्षीदार असले की पुरे. पण दुसऱ्या एका मताचे जुने लोक म्हणत की साक्षीदारांनाच गप्प राहायला सांगितलं असेल तर तो निकाह कसला. लग्नात डफ वाजला पाहिजे, लोकांना कळलं पाहिजे. हा भाग मी दोनदा ऐकला. अम्मीला तो सांगितला नाही.

बाकीचं सांगितलं. तिला ज्यू लोकांबद्दल काहीच माहीत नव्हतं आणि फार उत्सुकता होती.

"त्यांच्यात बाई किती बसते?"

"दुसरं लग्न करायचं असेल तर तीन महिने थांबते. पोटात मूल आहे का ते कळावं म्हणून."

"ते झालं पोटाचं. दुःखाला किती?"

"सात दिवस घरात बसतात. जमिनीलगत. लोक येऊन भेटतात, जेवण घेऊन येतात."

"लोक येतात?" अम्मी म्हणाली. मग म्हणाली, "चांगलं आहे."

चाळिसावा होऊन गेल्यावर एका संध्याकाळी चाचा आले. अब्बांचे भाऊ असले तरी इद्दतीत त्यांनी अम्मीसमोर यायचं नव्हतं, म्हणून मी प्लॅस्टिकची खुर्ची दाराबाहेर ठेवली. चाचा गल्लीत, अम्मी पडद्याच्या आत, आणि मी उंबऱ्यावर. एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं तर दोघांनाही आवाज चढवावा लागणार होता. हे आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही. समोरच्या घरात टीव्ही बंद झाला.

एरवी चाचा तिला भाभी म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी भाभी म्हटलं नाही.

"थोरला म्हणतो," त्यांनी मोठ्या घरच्या थोरल्या मुलाचा निरोप सुरू केला, "खोली तुमच्याकडेच राहू दे. कुणी काढणार नाही."

"मेहेरबानी. आणि?"

"आणि काही नाही. फक्त हे पडदाबिडदा जरा... तुम्ही आपलं पहिल्यासारखं येत-जात राहा. बाजारात जा. गठ्ठे न्यायला कारखान्यावर या. चार लोकांना दिसू दे."

"इद्दतीत बाई बाजारात जाते का?"

"तेच की."

"काय तेच?"

"हळू बोला, लोक ऐकतात."

"हळू बोलले तर तुम्हाला कसं ऐकू येणार?" अम्मी म्हणाली. "चादर जाड आहे. तुमच्याच कारखान्याची आहे."

चाचांनी रुमालानं मान पुसली. त्यांचं म्हणणं मला तेव्हा पूर्ण कळलं. खोली हवी असेल तर अम्मीनं दिवसाढवळ्या बाजारात दिसायचं होतं. मग उद्या कुणीही म्हणू शकलं असतं, कसली विधवा, ही तर भाजी आणायला फिरत होती. अब्बांच्या मागे एकच विधवा उरली असती.

"आता निकाह झाला, नाही झाला," चाचा म्हणाले, "इतक्या वर्षांचं कुणाला आठवतंय. मला तर नीट आठवत नाही."

"मशीन आठवतं?"

"कसलं मशीन?"

"मेहेरचं. तुमच्या स्कूटरवर आलं होतं. पायरीवर उतरवताना तुमच्या पायावर पडलं. आठवडाभर लंगडत होतात आणि भावाला म्हणत होतात, भाभीचं मेहेर लई जड आहे."

समोरच्या घरातून कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. चाचांनी नकळत डावा पाय खुर्चीखाली घेतला.

"थोरल्याला सांगा," अम्मी आतून म्हणाली, "खोली त्याच्या बापाची आहे, त्यानं घ्यावी. इद्दत माझी आहे."

चाचा गेल्यावर मी तिच्याशी भांडले. मी सहसा भांडत नाही, मला जमत नाही. पण मला खोलीची भीती वाटत होती. एवढ्या पैशात कुठे राहणार आम्ही? दोन मुस्लिम बायका, घरात पुरुष नाही, कोण खोली देणार?

"थोडे दिवस बाहेर फिरलीस तर काय बिघडतं?" मी म्हटलं. "अल्लाला माहीत आहे ना सगळं?"

"अल्लाला माहीत आहे. गल्लीला नाही."

"मग वकिलाकडे जाऊ. काही तरी कागद होईल."

"नक्को. कोर्टात जाऊन बायको व्हायचं असतं तर तू पोटात असतानाच गेले असते." तिनं टॉवेल घडी करून माझ्या हातात दिला. "तू कुणाची, ते त्या दिवशी ठरलं. माझं राहिलंय."

मी टॉवेल गठ्ठ्यावर ठेवला.

दुसऱ्यांदा चाचा आले तेव्हा वळवाचे चार थेंब पडून गेले होते आणि गल्लीत सगळे दारात बसलेले. त्यांना आत यायचं नव्हतंच, बसायचंही नव्हतं. उभ्या उभ्या म्हणाले, "थोरला म्हणतो, ठीक आहे. पण मग इद्दत संपल्यावर खोली खाली करा."

अम्मी आतून म्हणाली, "काय संपल्यावर?"

"इद्दत."

"मशीनच्या आवाजात ऐकू नाही आलं."

मशीन बंद होतं. मी बघत होते ना, ती मशीनपाशी नव्हतीच, ती पडद्याला लागून उभी होती.

"इद्दत संपल्यावर!" चाचा वैतागून मोठ्यानं म्हणाले. "तुमची इद्दत संपली की खोली खाली करा, असं म्हणाला तो! आलं ऐकू?"

"आलं," अम्मी म्हणाली. "करू. माझी इद्दत संपली की करू."

अक्का त्यांच्या पायरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला होता.

मी आत गेले तर अम्मी ओढणीत तोंड खुपसून बसली होती. मला वाटलं रडतेय. जवळ गेले तर हसत होती.

"अम्मी, खोली गेली."

"हौ, गेली."

"मग हसतेस काय?"

"इद्दतीत बसलेल्या विधवेला घरातून काढत नाहीत. म्हणून थांबतो म्हणाला तो. ठेवलेली असते तर थांबला असता का? चाळिसाव्याच्या आधी भांडी बाहेर टाकली असती." तिनं डोळे पुसले. "बापासारखाच आहे. बोलून जातो आणि मग कळतं काय बोललो."

दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातून एक झाकलेली ताटली आली. शेवयांची खीर होती. देणारी आत आली, अम्मीजवळ थोडा वेळ बसली, हळू आवाजात बोलली. तिनं निकाहाचा विषय काढला नाही. फक्त उठताना म्हणाली, "चार महिने दहा दिवस म्हणजे सोपं नाही, भाभी." त्यानंतर दुपारी कुणी ना कुणी येऊ लागलं. मला संकोच वाटायचा. मी हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून बसायची आणि व्याख्यान बंद ठेवून त्यांचं ऐकायची.

इद्दत संपायला आली तेव्हा मी खोल्या बघत फिरत होते. शेवटचा दिवस मी मोबाईलवर आधीच लावून ठेवला होता. त्याला अजून तीन दिवस असताना, सकाळी, गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि मोठ्या अम्मी उतरल्या. सोबत कुणी नव्हतं. पांढरी ओढणी, हातात कापडी पिशवी. अक्का नळावर होत्या, त्यांनी विचारलं, "कोण पाहिजे?"

"माझी सवत," मोठ्या अम्मी म्हणाल्या. "हितंच ऱ्हाती न्हवं?"

त्या मोहोळकडच्या. माहेरी घरातसुद्धा मराठीच, आणि आवाज शेतातून हाक मारायचा. सगळ्या नळानं ऐकलं. अक्कांनी आमच्या दाराकडे बोट केलं.

अम्मीनं त्यांना आधी ओळखलंच नाही, मग गडबडून उठली.

"उठू नगं," मोठ्या अम्मी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "न्हाय, ऊठ की. संपली तुझी बी. काल संपली."

"पोरीच्या हिशोबानं अजून तीन दिवस आहेत."

"कंचा हिशोब?"

मी मोबाईल दाखवला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून पाहिला आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इंग्रजी महिन्यानं मोजले व्हय गं तू? चांदानं मोजायचे असत्यात!" आणि त्या हसायला लागल्या. "बाप मुसलमान, आई मुसलमान, आन् लेक जानेवारी-फेब्रुवारीनं इद्दत मोजती. ह्यासाठी घातलं व्हतं का गं तुला त्या शाळेत?"

मी चहा ठेवायला उठले.

"मला माहीत होतं," अम्मी हळूच म्हणाली.

"मंग सांगितलं का न्हाय तिला?"

"राहू दे म्हटलं. जास्त झाले तर चालतील. कमी पडायला नकोत."

मोठ्या अम्मींचं हसणं थांबलं. त्यांनी मशीनकडे पाहिलं. "माझे समदे मोजत व्हते," त्या म्हणाल्या. "सुना, पोरं, येणारं-जाणारं. रोज कुणीतरी सांगायचं किती ऱ्हायले."

चहा झाला. मी कप दिला तर त्यांनी विचारलं, "साखर घातली न्हवं? सवतीकडं आले म्हणून फिका नगं." आणि मग अम्मीला म्हणाल्या, "लई शिव्या दिल्या बाई तुला. लई वर्सं."

"पोचल्या," अम्मी म्हणाली.

"पोचाव्या म्हणूनच दिल्या." त्यांनी फुंकर मारून चहा प्यायला. "खोलीचं पोरं बघत्यात. त्यात मी बोलणार न्हाय. आधीच सांगते."

"मी कुठं बोलले?"

"बोलू बी नगं. माझी पोरं हायती ती."

मग त्या का आल्या, ते मला कळेना. अम्मीलाही कळत नसावं, ती ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत होती. मोठ्या अम्मींनीच सांगितलं. इद्दतीनंतर पहिल्यांदा बाहेर पडताना आपल्या जवळच्या माणसाकडे जायचं, अशी त्यांच्याकडे रीत आहे. सुना म्हणाल्या दर्ग्याला जाऊ, भाऊ म्हणाला मोहोळला ये.

"म्या म्हनलं, मला त्या माणसाचं बोलायचंय. घरात पोरं नुसतं कारखान्याचं बोलत्यात. मोहोळला त्यांना धड कोण वळखतंय?" कप खाली ठेवून त्यांनी अम्मीकडे पाहिलं. "तुझ्याकडं बी नखानं धागे मोजायचे का गं?"

अब्बांची ती सवय होती. रिकामे बसले की हाताशी येईल ते कापड घ्यायचे, उशीचा अभ्रा, माझ्या युनिफॉर्मची बाही, काहीही, आणि अंगठ्याच्या नखानं उभे धागे मोजत बसायचे.

"हौ," अम्मी म्हणाली. "निम्म्यात चुकायचे."

"आन् परत पयल्यापासनं."

"परत पहिल्यापासून. जेवण गार व्हायचं."

"म्या तर म्हणायची, तुमी धागे खावा, भाकर मी खाते."

त्या दोघी खूप वेळ बोलल्या. मी भिंतीकडे तोंड करून बसले नाही. काही गोष्टी मला माहीत होत्या, काही अजिबात माहीत नव्हत्या. अब्बांना कुत्र्यांची भीती वाटायची हे मला माहीत नव्हतं. अम्मीलाही माहीत नव्हतं, आणि ते तिला लागलं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. मोठ्या अम्मींनाही ते दिसलं असावं. त्या म्हणाल्या, "तुझ्या गल्लीत कुत्री कमी हायती."

दुपारची अजान झाली तशा त्या उठल्या. पिशवीतून नवा पांढरा कपडा काढून अम्मीच्या हातात दिला, इद्दत संपलेल्या बाईला घरचे देतात तसा. दारात जाड चादर बाजूला करताना म्हणाल्या, "हे काढ आता. गुदमरायला हुतंय."

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात होत्या. कुणीतरी सलाम केला, त्यांनी घेतला. रिक्षात बसताना मला म्हणाल्या, "जरा बोलत जा गं. बाप येवडा बोलका." मी हो म्हटलं.

खोली आम्ही महिन्याअखेर सोडली. चाव्या न्यायला चाचा आले, आत येऊन बसले, भाभी म्हणाले, आणि मशीन टेम्पोत चढवायला त्यांनी हात लावला. अक्का रडल्या. नवी खोली जुन्या खोलीपेक्षा लहान आहे आणि कारखान्यापासून लांब. गठ्ठे आणायला मला दोन रिक्षा बदलाव्या लागतात.

तिथं पहिल्या दिवशी घरमालकीणबाई वर आल्या. त्या हिंदू, बहुतेक मोहोळ-पंढरपूरकडच्या, बोलायला साध्या. आधीच्या दोन ठिकाणी आम्हाला नाही म्हटलेलं होतं, त्यामुळे त्या काही विचारायला लागल्या की मी बॅग आवरल्यासारखं करत होते. त्यांनी अम्मीला विचारलं, "मिस्टर काय करतात?"

इतकी वर्षं बाहेर असं कुणी विचारलं की अम्मी 'पोरीचे अब्बा' असं काहीतरी सुरू करायची आणि मला पुढे करायची. मी वाट बघत होते.

"माझे मिस्टर वारले," अम्मी म्हणाली. "या उन्हाळ्यातच. टॉवेलचा कारखाना होता त्यांचा."

"अरेरे," घरमालकीणबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पाणी इकडं चार-पाच दिवसांनी येतं बरं का. भरून ठेवायला भांडी आहेत ना तुमच्याकडे?"

"आहेत," अम्मी म्हणाली, आणि नळ कुठे आहे ते बघायला त्यांच्याबरोबर खाली गेली.